आजीच्या चाकूचा आवाज

"हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला, इथं मिक्सर चालू आहे… थोरले, तो मिक्सर बंद कर गं… हां. बोला आता."

इथंच थोडं थांबा, बाळांनो, आणि माझ्याबरोबर एक करून बघा. एका डोळ्यावर हात ठेवा. दुसरा अर्धा मिटा. आता समोरची खोली कशी दिसते? खिडकी म्हणजे नुसता उजेडाचा ठिपका, आणि माणसं म्हणजे हलणाऱ्या सावल्या, हो ना? त्या दिवशी एका म्हाताऱ्या शिंपी आजोबांना सगळं असंच दिसत होतं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते आपल्या थोरल्या मुलीच्या घरी खुर्चीत बसले होते, डोळ्यावर पट्टी, आणि शेजारच्या टेबलावर तारेचा जुना फोन. फोन आला होता तो लांबच्या गावाहून, त्यांच्याच घरातून. फोनवर होती त्यांची नात. तिचा आवाज सरळ आजोबांच्या कानात जाणार, तो काही आपल्याला ऐकू यायचा नाही. पण काळजी करू नका. आजोबांची एक सवय होती. समोरच्यानं काही सांगितलं की ते एकदा स्वतः म्हणून बघायचे. माप घेऊन झाल्यावर शिंपी ते पुन्हा मोठ्यानं म्हणतो ना, तसं.

"कोण? गुंडी? अगं, मग 'मी' काय म्हणतेस? 'मी' तर इथं मीच आहे… बाबाचा जुना मोबाईल घेतलास? विचारून घेतलास ना?… बरं… डोळा? डोळा बरा आहे. पट्टी आहे अजून. तुझी आत्या सारखी बाटली घेऊन येते आणि थेंब टाकून जाते, जसं काही मी कुंडीतलं रोप आहे… हो ना. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, रडायचं नाही… हो, रडायचंसुद्धा नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, शिंपी कशाला रडेल? कपडे वेळेवर मिळाले नाहीत की गिऱ्हाईक रडतं."

"काय?… चाकूला धार?… कुठल्या चाकूला?"

"…आजीच्या."

आजोबा खुर्चीत सरळ बसले. गुंडीची आजी गेल्या वर्षी गेली. ती रोपवाटिकेत काम करायची, आणि तिच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. लाकडी मूठ, छोटं पातं, मिटला की तळहातात लपेल एवढा.

"कुठे सापडला तुला?… मशीनच्या ड्रॉवरमध्ये. बॉबिनच्या डब्यात. हं. मीच ठेवला होता तिथे… अगं, नाही रागावलो. पण आधी मला सांग, आत्ता तो कुठे आहे?… हातात. उघडा?… मिट. आधी मिट… मिटलास? मला आवाज नाही आला. तो मिटताना कट् करतो… हां, आला. आता नियम ऐक. चाकू उघडा असेल तर तू बोलायचं नाही. बोलायचं असेल तर चाकू मिटायचा. एका वेळी एकच काम. कळलं?… आणि घरी कोण आहे?… आई कामावर. बाबा अंगणात. हाक मारली तर येईल ना?… मग ठीक."

"पण आजच का? रविवारी बाबा लावून देईल… आजच. अंधार पडायच्या आत… का गं?… सहजच. हं. सहज म्हणून कुणी आजीचा चाकू काढत नाही, गुंडी. काय करून ठेवलंयस? टोक मोडलंस?… नाही. मग?… डोळा भरायचाय? कुंडीतल्या रोपावर?"

"अगं, मग हे सांग की आधी. पेन्सिलीएवढं जाड झालं का ते?… झालं. वा."

डोळा भरणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. चांगल्या झाडाच्या फांदीवर पानाच्या बगलेत एक बारीक कोंब असतो. त्याला डोळा म्हणतात. तो सालीसकट अलगद काढायचा आणि दुसऱ्या रोपाच्या सालीखाली बसवून बांधून टाकायचा. जमलं, तर आंबट रानटी रोपावर गोड संत्री लागतात. आजोबांच्या अंगणात आजीनं असंच केलेलं एक संत्र्याचं झाड होतं. आणि गुंडीनं आजीच्या सांगण्यावरून कुंडीत अशाच आंबट रोपाचं एक बी पेरलं होतं. आजी म्हणाली होती, खोड पेन्सिलीएवढं होऊ दे, मग आपण त्याला आपल्या झाडाचा डोळा भरू. खोड पेन्सिलीएवढं झालं, पण तोवर आजी राहिली नाही.

"पण मग घाई कसली? झाड काय पळून चाललंय का? अंगणात उभंच आहे की ते. मी परत आलो की आपण दोघं बसून…"

"गुंडी?… हॅलो?… रडतेस का?… अगं, ऐक ना. काय झालं झाडाला?"

"…कधी?"

"आज सकाळी… मुळं पाइपात शिरली होती. हो, माहीत आहे मला, सारखं तुंबायचं ते… सगळं काढलं? बुंध्यापासून?… ट्रकमध्ये घालून नेलं."

आजोबांचा हात पट्टीकडे गेला आणि पट्टीला न लावताच खाली आला. स्वयंपाकघरातून आत्यानं डोकावून पाहिलं. आजोबांनी तिला हातानंच सांगितलं, काही नाही, जा.

"आहे, आहे. इथंच आहे मी… सांगू नको म्हणाला होता बाबा? बरोबरच केलं त्यानं. डोळ्यासाठी म्हणाला असणार… नाही गं, मी नाही रडत. मला परवानगीच नाही… बाबावर चिडू नकोस. घरात घाण पाणी यायला लागल्यावर काय करणार तो? त्याला काय हौस आहे?… हो. मलाही वाटतं. मलाही तसंच वाटतं, बाळ."

"काय? फांदी?… ट्रकमध्ये चढून ओढून काढलीस? शाबास. आजी असती तर आधी रागावली असती आणि मग फांदी बघायला मागितली असती… बरं. मग?… भरायला घेतलास. आजीच्या चाकूनं. पण तो बोथट झालेला. साल कापायच्याऐवजी चिरडली… एक डोळा गेला. मग दुसरा… आणि तिसरा. अरेरे… नाही गं, तुझी चूक नाही. वर्षभर डब्यात पडलाय तो, त्याला कोण धार लावणार होतं?… आणि फांदी कुठे होती तोवर?… कुंपणावर. उन्हात. हं. साल सुरकुतली का?… थोडी. मग आता उरले किती?"

"एकच."

"आणि तोही उद्यापर्यंत राहील असं वाटत नाही तुला… मलाही नाही वाटत. आता असं कर, फांदी ओल्या फडक्यात गुंडाळ आणि सावलीत ठेव. जा, ठेवून ये. मी थांबतो. कुठे जातोय मी?"

पलीकडे पावलं धावली. इकडे आत्या थेंबांची बाटली घेऊन आली.

"आत्ता नको. नंतर… अगं थोरले, नंतर म्हटलं ना. झाड तोडलं तिकडे… तुला माहीत होतं? सगळ्यांनाच माहीत होतं म्हणजे. बरं बरं. काही म्हणत नाही मी… आलीस का गुंडी? ठेवलीस?"

"आता ऐक. एक सांगून ठेवतो. डोळा कसा भरायचा ते आजीनं तुला शिकवलं, तुला येतं. धार कशी लावायची ते नाही शिकवलं… हो ना, 'धार मी लावीन, डोळा तू भर.' म्हणायची ती तसं. आणि मी… मी कधी तो चाकू धार लावायला हातात धरलेला नाही, गुंडी. मी नुसता ऐकलाय. मी मशीनवर बसायचो दाराकडे पाठ करून. ती मागच्या पायरीवर. संध्याकाळी काम झालं की तिथं बसून सर्र सर्र करत राहायची. म्हणायची, 'एकदा या हो, बघा तरी.' आणि मी म्हणायचो, 'ही शिवण संपू दे.'"

"…हो. शिवणी काही संपल्या नाहीत."

"पण कागद मीच आणून द्यायचो तिला. म्हणून निम्मं तरी माहीत आहे. तो काळा पॉलिशपेपर, पाण्यात भिजवतात तो, आहे का घरात? बाबानं खिडक्या रंगवल्या तेव्हाचा?… दोन आहेत. मागच्या बाजूला आकडा छापलेला असतो. ज्याचा आकडा लहान तो खरखरीत, ज्याचा मोठा तो मऊ. आधी खरखरीत घ्यायचा… आणि एक सपाट फरशी. आजीची होती बघ, मागच्या पायरीखाली, गुळगुळीत तुकडा… अजून आहे? बरं झालं, ती तरी आहे. कागद पाण्यात बुडव आणि फरशीवर पसर. सुरकुती राहू देऊ नकोस. कापड बेतायच्या आधी हात फिरवतो ना मी, तसा हात फिरव… आणि फोन पायरीवर ठेव, स्पीकर लावून. मी इथून ऐकतो."

"आता चाकू उघड. म्हणजे आता तू गप्प… मान हलवलीस ना? मला दिसत नाही, पण हलवली असशील. आता पातं कागदावर जरासं तिरपं टेकव. किती तिरपं, ते सांगतो. कागदाचा एक चौकोनी कोपरा घे. त्याची घडी घाल. परत एक घडी घाल. त्या टोकाएवढं तिरपं, जास्त नाही. आणि एकदा ही बाजू, एकदा ती बाजू. हं. चालू दे."

टर्र.

"हा कसला आवाज? कागद फाटला?… मिट आणि मग बोल… धार पुढे करून ढकललास, म्हणून. अगं, दगडावर तसं चालतं, कागदावर नाही. धार पुढे केलीस की ती कागदच कापणार, तिचं कामच ते. उलटं कर. पाठ पुढे, धार मागे. भिंतीवरून चुन्याचा हात फिरवतात तसं ओढत न्यायचं. आणि दाब द्यायचा नाही. रेशमी कापडावर इस्त्री फिरवतेस असं समज… नाही फिरवलीस कधी? बरं, मांजराच्या पाठीवरून हात फिरवतेस असं समज. मांजर उठून जाईल असा नाही… हसू नकोस. हसलीस तर हात हलेल. हां, हस, चाकू मिटलाय तोवर."

"कागदाचा चांगला भाग घे. कर आता."

सर्र. सर्र. सर्र. सर्र.

आजोबांनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. आवाज ओळखीचा होता आणि नव्हताही. एखादा कोट आपलाच असावा, पण दुसऱ्याच शिंप्यानं शिवलेला, तसा.

"थांब जरा… नाही, चुकलं असं नाही. पण काहीतरी… कर परत… एकदा ही बाजू, एकदा ती बाजू करतेस ना? हं. मीच सांगितलं तसं. तरी… थोरले, तो पंखा बंद कर गं. ऐकू दे मला… कर गुंडी."

सर्र. सर्र. सर्र. सर्र.

"मिट. मिट तो."

"गुंडी, मी तुला चुकीचं सांगितलं… ऐक ना. हे असं नव्हतं. आजीचा आवाज सारखा नव्हता. एका बाजूचा आवाज खूप वेळ यायचा, सर्र, सर्र, सर्र, आणि मग मध्येच एकदा बारीक, पुस्. काच पुसतात तसा. मग परत सर्र, सर्र. मला वाटायचं, ती हात पुसते. इतकी वर्षं मला तेच वाटायचं. ती हात पुसत नव्हती… पातं बघ. उजेडात धर, पाठीकडून बघ. दोन्ही बाजू सारख्या आहेत का?… नाहीत. एक बाजू अगदी सपाट. आणि दुसऱ्या बाजूला उतार… बघ. मी कात्रीचा माणूस. मला काय माहीत डोळ्याच्या चाकूला एका बाजूनंच धार लावतात. सपाट बाजू सालीला लागून सरळ जात असेल… हो ना? तुलाच जास्त माहीत."

"आणि आपण त्या सपाट बाजूवर घासलं. माझ्यामुळे… किती घासलं गेलं? नखाएवढी चकाकी दिसते का कडेला?… बारीक. दोऱ्याएवढी. मग जाईल ती. जाईल. घाबरू नकोस… नाही गं, फांदी अजून आहे ना ओल्या फडक्यात? मग वेळ आहे."

आजोबा खुर्चीच्या कडेला सरकून बसले. त्यांना दिसत नव्हतं, हात लावता येत नव्हता, आणि पलीकडे उरला होता एकच डोळा. शिंप्याचा एक नियम असतो. कापड एकच असेल तर कात्री चालवायच्या आधी खडू चालवायचा.

"स्केचपेन आहे का तुझ्याकडे? कुठलाही रंग. त्या उताराला रंग लाव. सगळ्या उताराला, अगदी कडेपर्यंत… आपण कापडावर खडूनं खूण करतो ना, तशी. आता उतार कागदावर सपाट टेकव. घडीबिडी विसर. उतारच सांगेल किती तिरपं धरायचं. एकदाच ओढ आणि बघ, रंग कुठे गेला?… मिटून बोल… वरचा गेला, कडेचा तसाच आहे. म्हणजे पाठ जरा उचल. अगदी केसभर. परत रंग लाव… आता?… सगळा गेला? कडेपर्यंत? हा. हाच तो. हा हात लक्षात ठेव, आणि आता फक्त या बाजूनं. पाठ पुढे, धार मागे. मूठ हलवू नकोस, मनगट बांधलंय असं समज. अख्खा हात मागे ने. टोकाकडे पोचलीस की मूठ थोडी वर, टोक गोल असतं ना."

सर्र. सर्र. सर्र. सर्र.

"हळू. तुझ्या मागे कुत्रं लागलेलं नाही."

सर्र… सर्र… सर्र…

"असं."

आजोबा ऐकत राहिले. आत्या दाराशी येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात बाटली होती, पण ती तिथंच थांबली. रिसीव्हरमधला बारीकसा आवाज तिलाही ऐकू येत असावा. तिचं लहानपण त्याच पायरीशेजारी गेलं होतं.

"आता थांब. मिट… बघ, एक बाजू पुरेशी घासली की समोरच्या बाजूला एक बारीक कड उलटते. कापडाची कड दुमडते तशी. दिसायची नाही. आणि बोट लावून बघायचं नाही, ऐकतेस ना? आईच्या डब्यातला कापूस घे. उघड, आणि सपाट बाजूनं पाठीकडून धारेकडे कापूस अलगद बाहेर ओढ… अडकला? कुठे?… मुठीजवळ अडकतो, टोकाला नाही. म्हणजे टोकाकडे अजून घासायचंय. जा, घास. कापूस सगळीकडे अडकला पाहिजे."

सर्र… सर्र… सर्र…

"आता?… सगळीकडे. अगदी टोकापर्यंत. वा गं गुंडी. आता मऊ कागद. भिजव, पसर. परत तसंच, पण दाब आणखी कमी. आणि मग ते शेवटचं… ऐक. सपाट बाजू कागदावर पूर्ण टेकव. अजिबात तिरपं नाही. पाटावर पाट ठेवतात तसं. आणि एकदा ओढ. ती कडही जाईल आणि मी बिघडवलेली ती दोऱ्याएवढी चकाकीही जाईल. एकदा नाही गेली तर परत. चल."

सर्र… सर्र… सर्र… सर्र…

पुस्.

बाळांनो, मघाशी तुम्ही एका डोळ्यावर हात ठेवला होता. आता दोन्ही मिटा आणि एवढं ऐका. आवाज आला तो एवढाच. कुणी पुस्तकाचं पान उलटावं, त्याहूनही बारीक.

"…हॅलो… हो, आहे. आहे मी. काही नाही… हाच. हाच तो आवाज. नाही, नाही रडत. थोरले, तू मध्ये बोलू नकोस, मी रडत नाहीये. गुंडी, कर परत. चकाकी गेली का बघ आणि परत कर."

पुस्… सर्र… सर्र… पुस्.

"गेली?… पूर्ण?… आता वर्तमानपत्राचा कागद हातात धर, आणि कापून बघ. ओढायचं नाही, नुसतं टेकवून खाली ने… काय झालं?… आवाज न करता कापला? टर्र नाही, फर्र नाही? मग झाली धार… हो. तूच लावलीस. मी नुसता फोनवर बसलो होतो."

"आता मला सांग, डोळा कसा भरायचा? नाही, परीक्षा घेत नाहीये. मला खरंच माहीत नाही. मी कधी बघितलं नाही ना… हं… खोडावर उभी चीर. वर आडवी चीर. मग साल दोन्हीकडून हळूच उचलायची, फाटू द्यायची नाही… आणि डोळा वरून आत सरकवायचा… अगं, हा तर खिसा झाला. आम्ही कोटाला आतला खिसा लावतो, अगदी असाच. चीर, मग दोन्ही कडा उचलायच्या, आणि आत अस्तर सरकवायचं… आजीला माहीत होतं का हे? तिला कधी सांगितलंच नाही मी… हो. ती म्हणाली असती, मग इतके दिवस काय करत होतात."

"आणि मग बांधायचं. प्लॅस्टिकच्या पट्टीनं. डोळा तेवढा उघडा ठेवायचा… बरं आहे त्याचं. माझ्या डोळ्यावर तर आत्यानं पट्टीच मारून ठेवलीय."

"हात कापतायत?… कापणारच. एकच कापड असलं की माझेही कापायचे. अशा वेळी मी आधी चिंधीवर कात्री चालवायचो. कुंपणाची एक काडी तोड, तिच्यावर चीर घेऊन बघ. दोन-तीनदा बघ. हाताला चाकूची ओळख होऊ दे. मगच त्या फांदीला हात लाव… आणि एक. नाही जमलं तरी मला सांगायचं. लपवायचं नाही… अगं, झाड तर गेलंच आहे. ते आता परत यायचं नाही, डोळा जगला तरी नाही. जगला तर हे दुसरं झाड असेल, तुझं. आणि नाही जगला तर तुला निदान धार लावता येते. जा आता. उजेड आहे तोवर जा… नको, फोन बंद नको करू. राहू दे पायरीवर."

पावलं गेली. पायरीवरचा फोन नुसता चालू राहिला. दूर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. खोऱ्यानं माती ओढल्याचा आवाज आला, म्हणजे पाइप दुरुस्त करायला आलेली माणसं अजून असतील. मग तोही थांबला.

धारदार चाकूचा कापताना आवाज होत नाही. म्हणून आजोबांना कळेना, गुंडी कुंपणाच्या काडीवर आहे, की खऱ्या डोळ्यावर, की सगळं बिघडवून कुंडीशेजारी बसलीय. आत्यानं घड्याळाकडे बघितलं. आजोबांनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"थोरले, किती उजेड आहे गं बाहेर?… अजून आहे. हं."

"…थेंब टाक तोवर. पण हळू टाक, ऐकू आलं पाहिजे मला."

आत्यानं पट्टी जरा उचलून थेंब टाकले. गालावरून पाणी ओघळलं आणि ते थेंबांचंच आहे असं आजोबा म्हणाले. आत्यानं फडक्यानं पुसलं. आणि तेवढ्यात फोनमध्ये, अगदी जवळ, आवाज झाला. कट्.

"मिटलास? मग बोल."

"…हं… हं… पहिल्या चिरेत?… साल फाटली नाही. बरं. आणि डोळा?… अलगद सुटला. आतलं लाकूड नाही आलं बरोबर?… नाही. आणि बसला. घट्ट?… बांधलास. गाठ मागच्या बाजूला… वा. वा गं."

"नाही, आता लगेच नाही कळायचं. आजी म्हणायची ना, काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग डोळ्याशेजारी पानाचा देठ ठेवलेला असतो, त्याला बोट लावायचं. देठ आपसूक गळून पडला तर डोळा जगला. वाळून चिकटून राहिला तर गेला. तोवर रोज जाऊन उकरून बघायचं नाही. कुंडी सावलीत ठेव… हो. वाट बघायची. दुसरं काय करणार आपण."

"काय म्हणालीस?"

"…परत म्हण."

"'एकदा या हो, बघा तरी.' अगं, हे तर… हो. तिच्याचसारखं म्हटलंस. अगदी."



"येतो. पट्टी निघाली की येतो… नाही गं, शिवण बिवण काही नाही. पट्टी निघाली की त्याच दिवशी गाडीत बसतो. आत्याला सांगतो, तिकीट काढ म्हणून. ती इथंच उभी आहे, ऐकतेय… चल, ठेव आता. बाबाला सांग, आजोबांना कळलंय आणि आजोबा ठीक आहेत. ठेव फोन."

पण गुंडीनं फोन ठेवला नाही. काम झाल्यावर आजी कधीही चाकू तसाच मिटून ठेवायची नाही, आधी पुन्हा धार लावायची, आणि ते गुंडीला माहीत होतं. तिनं मोबाईल पुन्हा पायरीवर टेकवला, कागदावर पाणी शिंपडलं आणि चाकू उघडला.

इकडे आजोबांनी खुर्ची वळवली, ते फोनच्या टेबलाकडे तोंड करून बसले आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

सर्र… सर्र… सर्र… सर्र…

पुस्.

मग तिनं पातं फडक्यानं कोरडं केलं, आणि कट् करून मिटलं.